‘प्रॉबेबली’ म्हणजे कुणाच्या भरवशावर?

इंग्रजी रिपोर्ट मराठीत आणायचं काम करते म्हटलं की लोक हमखास विचारतात, टेक्निकल शब्दांचं काय करता हो, ते अवघड जात असतील ना. खरं सांगायचं तर ते सगळ्यात सोपे. त्यांना एकतर ठरलेला प्रतिशब्द असतो, नाहीतर सरळ देवनागरीत लिहून मोकळं व्हायचं. माझा वेळ जातो तो मे, माइट, कुड, पॉसिबली, प्रॉबेबली, लाइकली, परहॅप्स, अपॅरंटली, सीम्स या मंडळींवर. डिक्शनरीत बघाल तर निम्म्यांपुढे ‘कदाचित’ असतं आणि उरलेल्यांपुढे ‘बहुधा’, आणि तेवढ्यावर भागवलं तर वाक्य व्याकरणात चपखल बसतं पण मूळ माणूस जे म्हणत होता ते वाटेत कुठेतरी सांडून जातं.

माझं मत आधीच सांगून टाकते, मग पटलं नाही तर पुढचं वाचू नका. आपण समजतो की हे शब्द ‘शक्यता किती’ ते सांगतात. सांगतात, पण ते त्यांचं एकच काम. बोलणाऱ्याच्या हातात पुरावा किती आहे, समोरच्यापुढे तो किती दबून आहे आणि उद्या हे खोटं निघालं तर भुर्दंड कुणी भरायचा, हे सगळं त्याच एका शब्दात कोंबलेलं असतं. आणि ऐकणारा त्यातलं नेमकं भलतंच उचलतो.

१९५१ चा एक किस्सा आहे, या विषयावर कुणी बोलायला लागलं की येतोच, पण तो टाळता येत नाही इतका चांगला आहे. युगोस्लाव्हियाच्या टिटोचं आणि स्टॅलिनचं १९४८ मध्ये फाटलं होतं आणि अमेरिकेला धास्ती होती की सोव्हिएत गोटातले देश युगोस्लाव्हियावर चालून जाणार. सीआयएमध्ये अंदाज लिहिणाऱ्या खात्यात शर्मन केंट नावाचे गृहस्थ होते, मूळचे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. मार्च १९५१ मध्ये त्यांच्या खात्याने लिहून दिलं की या वर्षी हल्ला होणं ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ मानली पाहिजे. रिपोर्ट गेला, सगळ्यांनी वाचला, माना डोलावल्या. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याने केंटना सहज विचारलं की बाबा रे, सीरियस पॉसिबिलिटी म्हणजे तुमच्या मनात आकडा काय होता. केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूने पासष्ट-पस्तीस. तो अधिकारी दचकलाच, कारण त्याने आणि त्याच्या माणसांनी त्यापेक्षा पुष्कळ कमी धरलं होतं. इथपर्यंत ठीक, वाचणाऱ्याचा गैरसमज झाला म्हणून सोडून देता येईल. पण केंटना काही चैन पडेना, त्यांनी जाऊन आपल्याच टीममधल्यांना विचारलं, ज्यांनी एकत्र बसून तो शब्द पास केला होता त्यांना. तर एकाच्या मनात ऐंशी-वीस आणि दुसऱ्याच्या मनात वीस-ऐंशी! एकाच टेबलाभोवती बसून, एकाच वाक्यावर सगळे एकमत झाले होते आणि ते एकमत फक्त शब्दावर होतं.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे की त्या शब्दानेच एकमत शक्य केलं. आकडा विचारला असता तर भांडणं झाली असती, मीटिंग लांबली असती. सीरियस पॉसिबिलिटी म्हटल्यावर प्रत्येकाला वाटलं की आपलंच म्हणणं लिहिलंय. कमिटीने लिहिलेलं कुठलंही इंग्रजी वाचताना मी आता हेच डोक्यात ठेवते, की इथे हा शब्द माहिती द्यायला आलाय की तंटा मिटवायला.

(हल्ला त्या वर्षी झालाच नाही. त्यावरून कुणाचा आकडा बरोबर होता हे ठरत नाही, हा आणखी एक वैताग.)

केंटनी मग तक्ता बनवला. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे ९३ टक्के, सहाएक इकडेतिकडे. ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५, बाराएक इकडेतिकडे. ‘प्रॉबेबली नॉट’ ३०. वगैरे. १९६४ मध्ये त्यावर त्यांनी लेख लिहिला आणि त्यात आपल्या खात्यातल्या लोकांचे दोन गट पाडले, गणिती आणि कवी. गणिती म्हणजे शब्दाला आकडा बांधू पाहणारे, आणि कवी म्हणजे ज्यांना वाटतं की भाषेला असं मोजपट्टीवर ताणून धरू नये. कुणीतरी त्यांना म्हणे टोमणा मारला की तुम्ही सीआयएचा सट्ट्याचा अड्डा करताय, तर त्यावर त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे, की कवी होण्यापेक्षा बुकी झालेलं मला परवडेल. मूळ उत्तरात कवीच्या आधी एक शिवीही होती. पण खात्याने तो तक्ता काही मनावर घेतला नाही, कवी जिंकले.

आणि मध्ये १९६१ होऊन गेलं होतं. कॅस्ट्रोचं सरकार पाडायला क्यूबात बे ऑफ पिग्जला निर्वासित क्यूबनांची फौज उतरवायची का, यावर अमेरिकन सेनाप्रमुखांनी केनेडींना कळवलं की यशाचा ‘फेअर चान्स’ आहे. ज्या अधिकाऱ्याने ते लिहिलं त्याने नंतर सांगितलं की त्याच्या मनात साधारण तीसास सत्तर होतं, म्हणजे यशाचे तीस. पण इंग्रजीत फेअर म्हणजे गोरंगोमटं, रास्त, बरं, सगळं चांगलंच. वाचणाऱ्याला तो शब्द ‘ठीक आहे, करू शकता’ असा ऐकू गेला. चौदाशेच्या आसपास माणसं उतरली आणि त्यातली बहुतेक तीन दिवसांत मेली नाहीतर पकडली गेली. एका विशेषणामुळे हे सगळं झालं असं मी म्हणत नाही, तितकी भाबडी नाही मी. पण तीस टक्के म्हणणं अवघड होतं आणि फेअर चान्स म्हणणं सोपं होतं, आणि जे सोपं होतं ते कागदावर आलं, एवढं मात्र खरं.

पुढे इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत हा अंदाज खोटा ठरून हात पोळल्यावर अमेरिकन गुप्तचरांनी शेवटी तक्ता अधिकृत केलाच. त्यांच्या आत्ताच्या नियमात ‘लाइकली’ म्हणजे ५५ ते ८० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ८० ते ९५. आता गंमत बघा, हवामान बदलावर रिपोर्ट काढणाऱ्या आयपीसीसीचाही तक्ता आहे आणि त्यात ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० आणि ‘व्हेरी लाइकली’ ९० ते १००. दोन्ही संस्था तोच शब्द वापरतात, दोघींनी व्याख्या करून ठेवलीय, आणि व्याख्या जुळत नाहीत. शिवाय आयपीसीसीच्या लाइकलीच्या पोटात व्हेरी लाइकली आख्खं मावतं, म्हणजे नव्व्याण्णव टक्के खात्री असलेल्या गोष्टीलाही लाइकली म्हटलं तर तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. डेव्हिड बुडेस्कू हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना या रिपोर्टातली वाक्यं वाचायला देऊन विचारलं, तर लोक व्हेरी लाइकली हे नव्वदच्या बऱ्याच खाली वाचत होते. तक्ता समोर छापून दिला तरी! आपण तक्ता बघतो, हो हो म्हणतो, आणि शब्द मात्र आपल्याच सवयीने वाचतो.

त्याच आयपीसीसीचे रिपोर्ट एकापाठोपाठ एक ठेवले तर शब्द कसे सरकत गेले ते छान दिसतं. माणसामुळे तापमान वाढतंय का, यावर १९९५ मध्ये पुराव्याचा तोल तसं सुचवतो, २००१ मध्ये लाइकली, २००७ मध्ये व्हेरी लाइकली, २०१३ मध्ये एक्स्ट्रीमली लाइकली, आणि २०२१ मध्ये अनइक्विव्होकल, म्हणजे निःसंशय. सव्वीस वर्षं एका वाक्यातलं एक क्रियाविशेषण बदलत राहिलं आणि त्या प्रत्येक बदलामागे हजारो पानांचं काम. असं वाचलं की मला या शब्दांबद्दल आदर वाटायला लागतो, नाहीतर एरवी चीडच जास्त.

आता चिडीचं उदाहरण. कॅन्सरवर संशोधन करणारी जागतिक आरोग्य संघटनेची संस्था आहे, आयएआरसी, फ्रान्समधल्या लियॉनला असते. ती पदार्थांचे गट पाडते. गट एक म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध, गट दोन-ए म्हणजे ‘प्रॉबेबली’ होतो, गट दोन-बी म्हणजे ‘पॉसिबली’. मोबाईलच्या रेडिओलहरी २०११ मध्ये दोन-बीमध्ये गेल्या, ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा २०२३ मध्ये तिथेच गेला, तांबडं मांस २०१५ मध्ये दोन-एमध्ये आणि प्रोसेस केलेलं मांस थेट गट एकमध्ये, जिथे तंबाखूही आहे. झालं, जगभर बातम्या की सॉसेज म्हणजे सिगरेट. पण तो गट सांगतो पुरावा किती पक्का आहे ते. धोका किती मोठा आहे हे तो सांगतच नाही. एखाद्या गोष्टीने कॅन्सरचा धोका अगदी थोडा वाढतो हेही शंभर टक्के सिद्ध असू शकतं, मग ती गट एकमध्ये. आणि दुसऱ्या एखाद्या गोष्टीने धोका खूप वाढत असेल पण अभ्यासच चार झाले असतील, तर ती पॉसिबलीमध्ये पडून राहील. म्हणजे तिथलं प्रॉबेबली हे ‘शंभरातल्या किती जणांना होईल’ याचं उत्तर नाही, ‘आम्ही किती ठामपणे बोलू शकतो’ याचं उत्तर आहे. शब्द आपल्याबद्दल बोलतोय असं आपल्याला वाटतं आणि तो बोलत असतो शास्त्रज्ञांबद्दल.

मी एकदा अशाच एका मजकुरात ‘असण्याची शक्यता आहे, असा मर्यादित पुरावा आहे’ असं लांबलचक लिहिलं होतं. एडिटिंगमध्ये त्याचं ‘कॅन्सरचा धोका!’ झालं, उद्गारचिन्हासकट. जागा कमी पडली की पहिला बळी या शब्दांचाच जातो, कारण ते काढले तरी वाक्य उभं राहतं. कर्ता काढून बघा, वाक्य कोसळेल. माइट काढलं तर उलट आणखी तरतरीत दिसतं.

औषधाच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर तर बोलायलाच नको, पण थोडक्यात सांगते. युरोपातल्या नियमानुसार ‘कॉमन’ साइड इफेक्ट म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना होणारा. एक ते दहा! तुम्हीआम्ही कॉमन वाचलं की निम्म्या लोकांना होत असणार असं धरतो आणि गोळी बाजूला ठेवतो. यावर अभ्यासही झालेत, लोक फार फुगवून वाचतात. आता चिठ्ठ्यांवर शब्दाबरोबर आकडाही छापतात ते बरं.

हे असं का होतं याचं थोडं उत्तर या शब्दांच्या जुन्या आयुष्यात सापडतं. ‘परहॅप्स’मधलं ‘हॅप’ म्हणजे नशीब, जुन्या नॉर्स भाषेतून आलेलं. हॅपन, मिसहॅप, हॅपलेस, आणि हो, हॅपीसुद्धा, सगळी एकाच घरची. म्हणजे परहॅप्स म्हणणारा मुळात ‘नशिबाने’ म्हणत होता, हात वर करून. ‘प्रॉबेबल’चं उलट. तो लॅटिनमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ मान्यता देण्याजोगा, विश्वास ठेवण्याजोगा असा होता. मध्ययुगात प्रॉबेबल मत म्हणजे ज्याच्यामागे कुणीतरी मोठा, जाणता माणूस उभा आहे असं मत, मग ते घडण्याची शक्यता कितीही असो. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी जुगारातल्या डावाची वाटणी कशी करायची यावर पत्रं लिहिली, तिथून शक्यतेचं गणित सुरू झालं आणि पुढे या शब्दाच्या अंगात हळूहळू आकडे शिरले. पण जुना अर्थ काही घर सोडून गेला नाही. आजही कुणी प्रॉबेबली म्हटलं की आपण नकळत विचारतोच की नाही, कोण म्हणतंय? डॉक्टर म्हणाला प्रॉबेबली आणि शेजारी म्हणाला प्रॉबेबली यात आपण फरक करतो, आणि बरोबरच करतो.

व्याकरणाच्या बाजूला तर खजिना आहे. ‘ही मस्ट बी ॲट होम’ घ्या. मस्ट म्हणजे ‘च’, सक्ती, अगदी ठाम. आणि तरी ‘ही इज ॲट होम’ यापेक्षा हे वाक्य कच्चं आहे. ज्याने त्याला घरात बघितलंय तो मस्ट म्हणणार नाही, इज म्हणेल. मस्ट तोच म्हणतो ज्याने दिवा लागलेला पाहिलाय, गाडी उभी पाहिलीय आणि तर्क केलाय. म्हणजे ठासून बोलायला लागलं की समजावं, याने बघितलेलं नाही. आपल्याकडेही तसंच आहे, ‘तो घरीच असणार’ म्हणणाऱ्याने दार उघडून बघितलेलं नसतं. इंग्रजी ‘विल’ही हे काम करतं, दाराची बेल वाजली की ‘दॅट विल बी द पोस्टमन’, आणि हे आपल्याला शिकवावं लागत नाही कारण आपणही भविष्यकाळच वापरतो, पोस्टमन आला असेल. येणार आहे असं नाही, आत्ता या क्षणी दारात उभा आहे, तरी भविष्यकाळ. का तर खात्री पुढे व्हायचीय, दार उघडल्यावर.

‘शुड’ मात्र जरा लबाड शब्द आहे. ‘इट शुड वर्क’ म्हणणारा मेकॅनिक असो नाहीतर सॉफ्टवेअरवाला, तो म्हणत असतो की माझ्या हिशेबाने चालायला पाहिजे, आता नाही चाललं तर हिशेब माझा बरोबर, चूक त्या यंत्राची. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांना हा घोळ परवडणारा नव्हता, म्हणून मार्च १९९७ मध्ये एक छोटंसं कागदपत्र निघालं, आरएफसी २११९, त्यात मस्ट, शुड, मे असल्या शब्दांच्या व्याख्या करून टाकल्या. शुड म्हणजे काय तर सबळ कारण असेल तर हे टाळू शकता, पण परिणाम नीट समजून उमजून मगच टाळा. घरातल्या शुडलाही ही व्याख्या लावता आली असती तर किती भांडणं वाचली असती.

आणि मे-माइट. शाळेत सांगतात की मे म्हणजे जास्त शक्यता आणि माइट म्हणजे कमी. बोलण्यात हा फरक जवळजवळ उरलेला नाही, काळजी करू नका. पण एका जागी तो उरलाय आणि तिथे जीवनमरणाचा आहे, अक्षरशः. ‘हेल्मेट माइट हॅव सेव्ह्ड हिम’ आणि ‘हेल्मेट मे हॅव सेव्ह्ड हिम’. पहिल्या वाक्यात जुना नियम पाळला तर माणूस गेलाय, हेल्मेट नव्हतं, असतं तर वाचला असता. दुसऱ्यात माणूस जिवंत आहे, हेल्मेट होतं, त्यामुळेच वाचला असेल. आजकाल इंग्रजी पेपरांत दोन्ही ठिकाणी सर्रास मे लिहितात आणि मग चौथ्या ओळीपर्यंत कळत नाही की अंत्यसंस्कार झाले की डिस्चार्ज मिळाला. आपल्या ‘असता’ आणि ‘असेल’ची अदलाबदल कुणी करून दाखवावी, लहान पोरगंही करणार नाही. इंग्रजी शिकताना आपण घाबरतो त्या गोष्टी आपल्याला आधीपासून येत असतात, फक्त त्या कुणी अशा समोरासमोर ठेवून दाखवत नाही.

इथवर जे शब्द आले ते निदान अनिश्चितता असते म्हणून येतात. पुष्कळदा ती नसतेच! बोलणाऱ्याला पक्कं माहीत असतं आणि तरी तो आय थिंक, परहॅप्स, आय माइट बी राँग म्हणतो, कारण समोरच्याला टोचू नये. ‘परहॅप्स यू कुड लुक ॲट दिस अगेन’ यात परहॅप्सही नाही आणि कुडही नाही, हे परत कर एवढंच आहे. ब्रिटिश लोकांनी ही कला फार वरच्या पातळीला नेली आणि त्याची किंमतही मोजली. एप्रिल १९५१, म्हणजे केंटच्या त्या रिपोर्टच्या पुढच्याच महिन्यात, कोरियात इम्जिन नदीवर ब्रिटिश ब्रिगेडला चिनी फौजांनी वेढलं होतं. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन अधिकाऱ्याला परिस्थिती कळवली, ‘अ बिट स्टिकी’. ब्रिटिश कानाला याचा अर्थ, मेलो आम्ही. अमेरिकन कानाला याचा अर्थ, जरा कठीण आहे पण निभावतंय. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची तुकडी टेकडीवर अडकली आणि त्यातले मोजकेच सुटून परत आले.

आणि याहून अंगावर येणारं म्हणजे २५ जानेवारी १९९०. एव्हियांका कंपनीचं ५२ नंबरचं विमान, बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला चाललेलं. खराब हवेमुळे ते सव्वा तासाच्या वर आकाशात घिरट्या घालत थांबवून ठेवलं होतं, इंधन संपत आलेलं. उतरायचा पहिला प्रयत्न फसला. वैमानिक सहवैमानिकाला सांगतोय की त्यांना सांग इमर्जन्सी आहे, आणि सहवैमानिक कंट्रोलरला सांगतो की आमचं इंधन संपत चाललंय, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द काही त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. मग कंट्रोलर विचारतो की तुम्हाला पंधराएक मैल लांब नेऊन परत वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना. उत्तर येतं, ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’ थोड्या वेळाने चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. तपासात कंट्रोलरांच्या, कंपनीच्या, सगळ्यांच्या कामावर बोट ठेवलं गेलं, तो शब्द एकटा गुन्हेगार नव्हता. पण मी ते रेकॉर्डिंगचं लेखी रूप वाचलं तेव्हापासून ‘आय गेस सो’ हे तीन शब्द मला साधे वाटत नाहीत. त्याला गेस करायचं काहीच नव्हतं, काटा समोर होता. तो न्यूयॉर्कच्या त्या धडाधड बोलणाऱ्या, कामाने पिचलेल्या कंट्रोलरला नाही म्हणू शकत नव्हता, इतकंच. शब्द अनिश्चिततेचा, आणि मोजत होता दबलेपण.

म्हणून ‘बायका फार आय थिंक, आय थिंक करतात, आत्मविश्वास दाखवा, मेलमधून ते शब्द काढून टाका’ असला सल्ला कुणी दिला की माझं डोकं फिरतं. रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये हे मांडलं होतं की बायकांच्या बोलण्यात असे मऊ शब्द जास्त येतात. पण पुढे न्यूझीलंडमध्ये जॅनेट होम्स यांनी रेकॉर्डिंगं तपासली, ‘इझन्ट इट’ छापाचे शेपूटवाले प्रश्न कोण कशासाठी वापरतं ते, आणि निघालं असं की बायका ते बरेचदा समोरच्याला बोलतं करायला वापरत होत्या. स्वतःला खात्री नाही म्हणून वापरणाऱ्यांत पुरुषच पुढे. तेव्हा शब्द मोजून उपयोग नाही, तो तिथे काय करतोय ते बघावं लागतं.

दोन नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ, टायगेन आणि ब्रून, यांनी आणखी एक बारीक गोष्ट पकडली. समजा एखाद्या उपचाराने गुण येण्याची शक्यता तीसेक टक्के आहे. तुम्ही म्हणू शकता ‘देअर इज सम पॉसिबिलिटी’, किंवा म्हणू शकता ‘इट इज क्वाइट अनसर्टन’. आकड्यात दोन्ही जवळपास सारखंच वाचलं जातं. पण पहिलं ऐकलेले बहुतेक लोक म्हणतात करून बघा, आणि दुसरं ऐकलेले बरेचजण म्हणतात नको. म्हणजे शब्दाला नुसती उंची नसते, तोंडही असतं, एक होकाराकडे बघतो आणि एक नकाराकडे. स्कॅनच्या रिपोर्टवर ‘कॅनॉट बी एक्सक्लूडेड’ असतं ना, तमुक आजार नाकारता येत नाही, त्याचं तोंड आजाराकडे असतं. डॉक्टरला त्यातून इतकंच म्हणायचं असतं की मी बघितलं त्यात दिसलं नाही पण हमी घेत नाही. पेशंट मात्र रात्रभर ‘नाकारता येत नाही’ घोकत बसतो. तिथे मी असते तर ‘दिसलेलं नाही, पण या तपासणीतून पक्कं सांगता येत नाही’ असं लिहिलं असतं, पण मला कुणी विचारत नाही.

बरं, मग आकडेच लिहा ना सगळीकडे? इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. संशोधकांना वारंवार दिसलंय की दुसऱ्याकडून अंदाज घ्यायचा तर आपल्याला आकडा हवा असतो, आणि आपण द्यायचा तर शब्द बरा वाटतो. घेताना सावकार, देताना कवी. मीही तशीच आहे, काम कधी होईल विचारलं तर मी ‘बहुतेक उद्यापर्यंत’ म्हणते आणि प्लंबरने बहुतेक म्हटलं तर चिडते. शिवाय आकड्याचंही आकड्यापुरतंच. तीस टक्के पावसाचा अंदाज म्हणजे तीस टक्के भागात पाऊस, की दिवसातला तीस टक्के वेळ पाऊस, की असे दहा दिवस घेतले तर तिनावर पाऊस, हे पाच वेगवेगळ्या मोठ्या शहरांतल्या लोकांना विचारलं होतं आणि सगळ्या प्रकारची उत्तरं आली होती. तिसरा अर्थ बरोबर.

आणि कधीकधी शब्दच हवा असतो, आकडा नव्हे. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरचा तो साधारण एका पानाचा लेख लिहिला, त्याच्या शेवटाकडे एक वाक्य आहे, की आमच्या नजरेतून हे सुटलेलं नाही की ही जोडी जुळण्याची पद्धत जनुकांच्या नक्कल होण्याची एक संभाव्य यंत्रणा सुचवते. ‘पॉसिबल’ आणि ‘सजेस्ट्स’, दोन्ही मऊ शब्द. त्यांना अर्थात चांगलं माहीत होतं आपल्या हातात काय लागलंय. पण प्रयोग अजून व्हायचे होते, आणि आपलं नाव मात्र त्या कल्पनेवर आत्ताच कोरून ठेवायचं होतं. इतक्या नम्र वाक्यात इतका हक्क सांगितलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. तिथे ७५ टक्के लिहिलं असतं तर हसू आलं असतं.

सध्या टेबलावर आहे एका अमेरिकन कंपनीचा वार्षिक रिपोर्ट. तिकडे १९९५ चा एक कायदा आहे, त्यानुसार कंपनीने भविष्याबद्दल काही म्हटलं आणि ते फसलं तर पुरेशा सावधगिरीच्या सूचना दिल्या असल्यास तिला संरक्षण मिळतं. म्हणून सुरुवातीलाच एक परिच्छेद असतो, की मे, विल, शुड, एक्स्पेक्ट, बिलीव्ह असे शब्द ज्या वाक्यांत येतील ती भविष्यदर्शी विधानं समजावीत, त्यांवर विसंबू नये. यादीत विलसुद्धा आहे, बघा. शाळेत ज्याला साधा सरळ भविष्यकाळ म्हणून घोकून घेतला तो वकिलांच्या दृष्टीने शंकेचा शब्द. आता ही यादी मराठीत करायची. मे, शुड, बिलीव्ह जमलं कसंबसं. विलला मात्र आपल्याकडे वेगळा शब्दच नाही, तो क्रियापदाच्या शेपटाला चिकटलेला, त्यामुळे पहिल्या खर्ड्यात मी चक्क लिहिलं की ज्या क्रियापदांच्या शेवटी ‘ईल’, ‘एल’, ‘तील’ किंवा ‘णार’ येईल त्या वाक्यांवर विसंबू नये. मग लक्षात आलं की या वाक्यातही ‘येईल’ आहे.

क्लायंटला तसंच पाठवलंय. उत्तर यायचंय, बहुधा आठवडाभरात येईल.